जुनं अंडरकोटिंग काढायची साधनं: कशानं सुटतं, कशानं नुसतं पसरतं

जुन्या गाडीच्या पोटाखालचं काळं कोटिंग काढायला बाजारात ढीगभर साधनं मिळतात आणि बहुतेकांच्या खोक्यावर दावा एकच असतो: झटपट, आणि पत्र्याला धक्का न लावता. प्रत्यक्षात यातली बरीचशी साधनं कोटिंग गरम करून शेजारच्या जागेवर थापतात. त्यामुळे इथे प्रत्येक साधन एकाच कसोटीवर पाहिलं आहे: ते कोटिंगला कोणत्या तापमानात ठेवतं.

जुन्या कोटिंगच्या तीन अवस्था असतात. थंड असताना ते कडक आणि ठिसूळ असतं, फटका बसला की तुकडे उडतात. बेताचं गरम केलं की चामड्यासारखं लवचिक होतं आणि खरवडायच्या पट्टीनं सोलता येतं. त्यापुढे तापवलं की ते चिकट होतं आणि हात लागेल तिथे माखतं. पहिल्या दोन अवस्थांत काम होतं, तिसरीत वाढतं. वायर ब्रश लावलेला ग्राइंडर घर्षणानं कोटिंगला थेट तिसऱ्या अवस्थेत नेतो, म्हणून लोकांची पहिली पसंती असूनही या यादीत तो खाली आहे.

काहीही विकत घेण्याआधी कोटिंग कोणतं आहे ते ओळखा. पांढऱ्या फडक्यावर व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रव) घेऊन एका जागी अर्धा मिनिट घासा. फडकं तपकिरी-काळं झालं तर डांबरी कोटिंग. नुसता पिवळसर तेलकट डाग आला आणि बोटाच्या नखानंही थर खरवडला जातोय, तर मेणाचं. फडकं जवळजवळ स्वच्छ राहिलं आणि थर रबरासारखा दाबला जातोय, तर बहुधा पीव्हीसी. थर फुगून मऊ झाला पण विरघळला नाही, तर रबरमिश्रित फवारा. एकाच गाडीवर दोन-तीन प्रकार सापडणं अगदी नेहमीचं आहे: खाली कारखान्यातलं पीव्हीसी, त्यावर नंतर कुणीतरी मारलेलं डांबर, आणि व्हील आर्चमध्ये (चाकावरच्या कमानीत) आणखी एखादा रबरी थर. त्यामुळे चाचणी एका जागी करून भागत नाही. फ्लोअर पॅन (गाडीच्या तळाचा पत्रा), व्हील आर्च, सिल (दाराखालचा पोकळ पट्टा) आणि मागच्या डिकीचा तळ अशा चार ठिकाणी तरी करा.

सगळं काढायलाच हवं का, हाही प्रश्न आधी सोडवलेला बरा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. भरीव आवाज आला, कडेला कुठे पापुद्रा सुटलेला नाही आणि टोक टोचून आत गंज दिसत नाही, तर कारखान्यातलं घट्ट पीव्हीसी तसंच राहू द्या. ते नव्या फवाऱ्यापेक्षा चांगलं बसलेलं असतं. पोकळ आवाज आला म्हणजे थर पत्र्यापासून सुटलाय आणि मधल्या फटीत पाणी साचतंय. बाहेरून कोटिंग छान काळंभोर दिसतं आणि आत पत्रा चाळणी झालेला असतो, तो असा. जिथे वेल्डिंग करायचं आहे तिथे मात्र कोटिंग कितीही चांगलं असलं तरी सांध्यापासून वीतभर अंतरापर्यंत काढायलाच हवं. ते जळतं, पेटतं आणि वेल्डमध्ये भोकं पाडतं.

आता एक गंभीर गोष्ट. जुन्या डांबरी कोटिंगमध्ये भराव म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे घातलेले असू शकतात आणि खालच्या रंगात किंवा प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. नुसतं बघून हे कळत नाही. जागा ओली करून नखाएवढा तुकडा कापा, झाकबंद पिशवीत घाला आणि प्रयोगशाळेत तपासून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर घासणं, ग्राइंडर, सुई-हातोडा, कोणत्याही प्रकारचं ब्लास्टिंग (दाबाच्या हवेनं कण मारून साफ करणं), सगळं बाद. मग ते काम परवानाधारक लोकांचं. अहवाल चांगला आला तरी धुळीसाठी पी१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा मास्क आणि गरम करून काढत असाल तर वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर काडतूस लावलेला रेस्पिरेटर हवाच. कापडी मास्कचा इथे उपयोग शून्य.

हीट गन आणि हाताची पट्टी

डांबरी आणि पीव्हीसी कोटिंगसाठी सुरुवात इथूनच करावी. १५०० ते २००० वॅटची, तापमान ठरवता येणारी हीट गन घ्या. फक्त दोन टप्प्यांची स्वस्त गन असेल तर तिचा वरचा टप्पा या कामाला फार तिखट पडतो आणि मग अंतर वाढवत-कमी करत बसावं लागतं. स्टाइनेलसारख्या कंपन्यांच्या डिजिटल गनमध्ये हवेचं तापमान बारीक टप्प्यांनी ठरवता येतं. या कामात त्या पैशाचं चीज होतं.

गनच्या पडद्यावरचा आकडा नळीतून बाहेर पडणाऱ्या हवेचा असतो, पत्र्याचा नसतो, हे विसरलं की गोंधळ होतो. हवा ३०० डिग्रीवर ठेवून गन ५ ते ८ सेंमी अंतरावरून सतत फिरवत ठेवली तर कोटिंगचा पृष्ठभाग साधारण ८० ते १२० डिग्री सेल्सिअसवर येतो. डांबरी थर याच पट्ट्यात सुटतो. इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेवा, पण वाचन काळ्या कोटिंगवरच घ्या. उघड्या, चकचकीत पत्र्यावर हे यंत्र खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतं आणि त्या भरवशावर गन जास्त वेळ धरली जाते.

आकड्यापेक्षाही डोळ्यांनी ओळखायला शिका. थर तापायला लागला की मंद काळा पृष्ठभाग हळूहळू चमकदार होतो. त्याच क्षणी पट्टी थराखाली घाला. तापमान बरोबर असेल तर थर पट्टीच्या पुढे गुंडाळत येतो, अखंड सुटतो आणि मागे प्रायमर किंवा रंग दिसतो. थराचा चुरा होऊन पडत असेल तर अजून थंड आहे. पट्टी उचलल्यावर बारीक काळे धागे ताणले जात असतील तर जास्त तापलंय. गन बाजूला ठेवा, मिनिटभर थांबा. धूर दिसला म्हणजे मर्यादा कधीच ओलांडली गेली आहे.

एका वेळी तळहाताएवढीच जागा गरम करा. दोन हात लांब पट्टा तापवून मग खरवडायला घेतला तर शेवट येईपर्यंत तो गार झालेला असतो. गन डाव्या हातात पुढे आणि पट्टी उजव्या हातात लगेच मागे, दोन्ही एका दिशेनं, हीच लय. पट्टी २५ ते ४० मिमी रुंद, ताठ पात्याची घ्या. पुट्टी लावायची लवचिक पट्टी थरावरून घसरते. नव्या पट्टीचे दोन्ही कोपरे कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर तेच कोपरे पत्र्यात खाचा पाडतात. पत्र्याशी कोन ३० डिग्रीच्या आसपास. त्यापेक्षा उभी धरली की पट्टी रुतते, आडवी धरली की थरावरून निसटते.

पीव्हीसीला थोडं जास्त तापमान लागतं, पण पृष्ठभाग १५० डिग्रीच्या पुढे जाऊ देऊ नका. पीव्हीसी फार तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो घसा आणि डोळे जाळतो आणि नुकत्याच उघड्या केलेल्या पत्र्यावर गंजही धरतो. याच कारणासाठी गॅसची बत्ती या कामाला नको. बत्तीची ज्योत तापमानाचा पट्टा पाळत नाही, वर गालिचा किंवा आवाज अडवणारे पॅड असतील तर ते पेटतात आणि पातळ पत्रा वाकडा होतो. बत्तीनं काम भराभर होताना दिसतं खरं, पण वितळलेलं डांबर सांध्यांत शिरतं आणि तिथून ते परत काढणं जवळजवळ अशक्य असतं.

हीट गन लावण्याआधी पेट्रोलची टाकी रिकामी करून गाडीपासून दूर न्या. पेट्रोल लाइन, ब्रेक लाइन, प्लास्टिकच्या नळ्या आणि वायरिंग काढून टाका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, म्हणून टाकी खोलीतच कोपऱ्यात ठेवणंही बरोबर नाही. अग्निशामक हाताच्या अंतरावर हवा. गाडी जॅकवर कधीच नाही, कायम स्टँडवर. बॉडी उलटी-सुलटी फिरवता येईल असा रोटिसरी सांगाडा मिळत असेल तर पाठीवर झोपून गरम डांबर तोंडावर पाडून घेण्यापेक्षा तो शतपटीनं चांगला.

मल्टिटूल

या सगळ्या साधनांत एकच विकत घ्यायचं असेल तर हे घ्या. पातं डावीकडे-उजवीकडे अगदी थोड्या अंशांत, पण मिनिटाला १०,००० ते २०,००० वेळा हलतं. थर तापत नाही, पत्र्याला ओरखडा फारसा येत नाही आणि धूळ उडण्याऐवजी तुकडे खाली पडतात. थंड, कडक झालेल्या डांबरी कोटिंगवर याच्याइतकं स्वच्छ काम दुसरं कुठलंही हातातलं साधन करत नाही.

पातं निवडताना चूक होते. या यंत्रासोबत येणाऱ्या संचात बहुधा लवचिक स्क्रेपर असतो, तो सिलिकॉन आणि गोंद काढायला. आपल्याला हवं ते साधारण ५० मिमी रुंदीचं ताठ स्क्रेपर पातं. ते वेगळं घ्यावं लागतं. फाइन आणि बॉश यांनी मिळून आणलेली स्टारलॉक जोडणी आता बऱ्याच यंत्रांवर असते, पण तिचे तीन दर्जे आहेत: स्टारलॉक, स्टारलॉक प्लस आणि स्टारलॉक मॅक्स. साध्या स्टारलॉकचं पातं प्लस आणि मॅक्सच्या यंत्रावर बसतं, उलट मात्र चालत नाही. मॅक्सचं पातं साध्या यंत्रावर बसत नाही, हे पैसे मोजण्याआधी बघा.

यंत्र वायरवालं, ३०० वॅटच्या पुढचं घ्या. बॅटरीवरचं यंत्र छोट्या दुरुस्तीला चालतं, पण अख्ख्या फ्लोअर पॅनला बॅटऱ्या बदलण्यातच वेळ जातो. वेग आधी मधला ठेवा. पूर्ण वेगानं पातं गरम होतं, मग कोटिंग गरम होतं आणि आपण परत चिकट अवस्थेत जाऊन बसतो. कोन १५ ते २० डिग्री, जोर अगदी कमी. यंत्र पुढे ढकलावं लागतंय असं वाटलं तर पातं बोथट झालंय. दर अर्ध्या तासानं पातं बारीक कानशीनं एकाच बाजूनं धार करून घ्या. नवं पातं घेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे आणि लोक ते करत नाहीत.

मल्टिटूल हरतं ते दोन ठिकाणी. मऊ, रबरी फवाऱ्यावर पात्याची थरथर थरातच जिरते आणि पुढे काही सरकत नाही. अशा वेळी आधी हीट गन किंवा मग थेट ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मारून घेणं. दुसरं म्हणजे पन्हाळीसारखे दाबून काढलेले पत्रे, फ्लोअर पॅनच्या खोलगट रेषा आणि सांध्यांचे कोपरे. ५० मिमीचं पातं तिथे शिरतच नाही. तिथे जुनी बोथट पटाशी १० मिमी रुंदीपर्यंत घासून घेतली की उत्तम चालते.

ग्राइंडर आणि वायर ब्रश

११५ किंवा १२५ मिमीचा ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. पीळ घातलेल्या तारांचा कप ब्रश त्यावर लावून जाड डांबरावर टेकवला की पहिल्या काही सेकंदांत छान वाटतं. मग तारांमध्ये डांबर भरतं, ब्रशचा गोळा होतो आणि काढलेला माल वितळून पुढच्या पत्र्यावर पातळ चकचकीत थरानं पसरतो. तो थर आता आधीपेक्षा घट्ट बसलेला असतो. खाली गंज असेल तर तारा त्याला पॉलिश करतात. काळपट चमकदार पत्रा दिसतो, लोक त्याला स्वच्छ समजून रंग मारतात आणि खड्ड्यांत उरलेला गंज आपलं काम चालू ठेवतो.

धोकाही खरा आहे. तार सुटून जाड कपड्यातूनही रुतते, म्हणून गॉगलवर पूर्ण चेहऱ्याची ढाल घालायलाच हवी. पत्र्याच्या कडेला ब्रश अडकला तर ग्राइंडर हातातून झटका मारतो. ब्रशवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची संख्या ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असल्याची खात्री केल्याशिवाय तो लावूच नये. याचा योग्य उपयोग एकच: जाड थर निघून गेल्यावर, सॉल्व्हंटनं, म्हणजे थर विरघळवणाऱ्या द्रवानं, पुसून झाल्यावर, उरलेल्या ठिपक्यांसाठी, वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ग्राइंडरवर आणि तोही अर्ध्याहून कमी वेगानं.

३एमची क्लीन अँड स्ट्रिप जातीची जाळीदार चकती रंग आणि वरवरचा गंज फार छान काढते, पत्राही कमी खाते. पण डांबर लागलं की तिची भोकं काही मिनिटांत बुजतात आणि महागडी चकती टाकून द्यावी लागते. तिला शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

सुई-हातोडा आणि ब्रिसल ब्लास्टर

हवेवर चालणारा सुई-हातोडा, म्हणजे पुढे ३ मिमीच्या पोलादी सुयांचा जुडगा असलेलं यंत्र, जाड चासी, अ‍ॅक्सलचं घर आणि सस्पेन्शनच्या हातांवर जबरदस्त काम करतं. ठिसूळ डांबर आणि थरांचा गंज एकदमच उडतो. पण फ्लोअर पॅनचा पत्रा ०.८ ते १ मिमीचा असतो. त्यावर सुया मारल्या की पत्रा ताणला जातो, फुगतो आणि वरून बारीक पुटकुळ्या दिसू लागतात. कंपनी काहीही म्हणो, २ मिमीपेक्षा पातळ पत्र्यावर हे यंत्र नको.

माँटी कंपनीच्या ब्रिसल ब्लास्टरमध्ये तारा एका दांड्यावर अडून मागे खेचल्या जातात आणि सुटून पत्र्यावर आपटतात. त्यामुळे गंज निघतोच, शिवाय पृष्ठभागावर प्रायमर धरायला लागतो तसा खरखरीतपणा येतो. साध्या वायर ब्रशनं तो येत नाही. गंजाचे खड्डे असलेल्या जागांना याला तोड नाही. मात्र जाड डांबरावर हाही गच्च भरतो आणि त्याचे पट्टे स्वस्त नाहीत. कोटिंग आधी दुसऱ्या साधनानं काढून घेतलं तरच तो परवडतो. ११ मिमीचा अरुंद पट्टा सांध्यांसाठी, २३ मिमीचा सपाट जागांसाठी.

सॉल्व्हंट

हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही. जाड थरावर व्हाइट स्पिरिट ओतून भिजवत बसलं की काळा चिखल तयार होतो आणि तो सगळ्या भोकांतून आत जातो. जाड थर निघाल्यावर राहिलेल्या पातळ तपकिरी पापुद्र्यावर मात्र हेच बरोबर औषध. फडकी भिजवून जागेवर लावा, वर प्लास्टिक चिकटवून १५ ते २० मिनिटं ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसा. एकच फडकं सगळीकडे फिरवलं तर डांबर फक्त जागा बदलतं. मेणाच्या कोटिंगला तर बहुतेक वेळा एवढंच पुरतं: गरम हवेनं मऊ करा, पट्टीनं ढीग काढा, उरलेलं स्पिरिटनं.

पेट्रोल कधीही नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनंही भडकते. हीट गन चालू असलेल्या खोलीत कोणताच सॉल्व्हंट उघडा नको. वापरलेली फडकी पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात टाका.

रंग काढायची रासायनिक जेल या कामासाठी विकत घेऊ नका. ती रंगासाठी आहे, डांबरावर नुसती माखली जाते. शिवाय दुहेरी पत्र्याच्या सांध्यात शिरली की धुऊन निघत नाही आणि नवा रंग मारल्यावर काही महिन्यांनी तिथूनच फुगे येतात. मिथिलीन क्लोराइड असलेल्या जुन्या जेल तर बंद जागेत जीवघेण्या आहेत.

ड्राय आइस ब्लास्टिंग

सेवा म्हणून घ्यायची झाली तर हीच. घट्ट केलेल्या कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३ मिमीचे गोळे दाबाच्या हवेनं पत्र्यावर मारतात. त्यांचं तापमान उणे ७८.५ डिग्री. थर एकदम आकसतो, ठिसूळ होतो, गोळा आदळून क्षणात वायू होतो आणि फुगताना थर उचलतो. म्हणजे कोटिंगला मुद्दाम पहिल्या अवस्थेत ढकलणारी ही पद्धत. वाळू किंवा सोड्यासारखं काहीही मागे उरत नाही, सांध्यांत काही अडकत नाही आणि खालचा मूळ रंग, कारखान्यातले खडूचे शेरे, चासीवरचे नंबर जसेच्या तसे राहतात. मूळ स्थितीतली गाडी जपायची असेल तर याच्या जवळपासही दुसरं काही जात नाही.

ही सेवा काय करू शकत नाही, ते मात्र जाहिरातीत नीट लिहिलेलं नसतं. गंज निघत नाही. सुटा पापुद्रा उडतो, पण खड्ड्यातला गंज तसाच. पत्र्याला खरखरीतपणा येत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. घट्ट बसलेलं निरोगी पीव्हीसी बहुतेक वेळा तसंच राहतं, जे खरं तर चांगलंच आहे. जाड रबरी फवाऱ्यावर वेग खूप मंदावतो आणि बर्फाचा खर्च वाढत जातो. जुनं डांबर आणि मेण यांवर मात्र ही पद्धत भरधाव चालते.

सेवा ठरवताना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. कोटिंगच्या प्रत्येक प्रकारावर वीतभर जागेची चाचणी करून दाखवणार का? बर्फ त्याच दिवशीचा आहे का? गोळे ठेवल्या ठेवल्या झिजतात, ओल धरून एकमेकांना चिकटतात आणि नळी तुंबते. हवेच्या लाइनवर ड्रायर आहे का? ओली हवा आली तर नळीच्या तोंडावरच बर्फ धरतो. पैसे तासावर की कामावर? तासावर असतील तर चाचणीच्या वेळेवरून अंदाज काढून लेखी घ्या. आणि खाली पडलेला काळा कचरा कोण उचलणार? बर्फ उडून जातो, डांबर जात नाही. ते खोलीभर भिंतींना चिकटतं.

पत्रा इतका गार होतो की हवेतला ओलावा त्यावर दवासारखा धरतो. दमट दिवशी उघड्या पत्र्यावर तासाभरात लालसर झाक येते. काम संपलं की लगेच कोमट हवेनं सुकवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि गाडीखालच्या खड्ड्यात साचतो, म्हणून दुरुस्तीच्या खड्ड्यात किंवा बंद खोलीत हे काम होऊ देऊ नका. पंखा लावूनही खड्डा सुरक्षित होत नाही.

गाडीच्या आत, जमिनीवर चिकटवलेल्या डांबरी चादरींसाठी ब्लास्टिंगची गरज नाही. ड्राय आइसचे तुकडे घेऊन चादरीवर पसरा, जाड हातमोजे घालूनच. १०-१५ मिनिटांत तडकल्याचा आवाज येऊ लागतो. मग रबरी हातोडीनं ठोका, चादर फरशीसारखी तुकड्यांनी उचलते. गाडीखाली ही युक्ती चालत नाही, कारण बर्फाला पत्र्याशी टेकून राहायला जागा नसते.

वाळू, ग्रिट (टोकदार कठीण कण) किंवा सोडा मारणाऱ्यांकडे कोटिंगसकट गाडी नेऊ नका. मऊ थरावर कण आदळून परत उडतात, ऑपरेटर दाब वाढवतो, आणि थर सुटतो त्या क्षणी तोच दाब उघड्या पातळ पत्र्यावर बसून तो वाकतो. शुद्ध सिलिका वाळूच्या धुळीनं फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो, ती तर कुणी वापरत असेल तर काम तिथेच थांबवा. सोडा मऊ आहे, पण तो गंज काढत नाही आणि त्याची पूड सांध्यात राहिली की नवा रंग धरत नाही. कोटिंग निघाल्यावर, फक्त गंजलेल्या जाड भागांसाठी ग्रिट ब्लास्टिंग योग्य आहे.

साधनानं न होणारं काम

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला वेगळी वागणूक लागते. पोर्श ९११ची बॉडी १९७६ मॉडेल वर्षापासून जस्तलेपित पत्र्याची आहे. अशा गाडीवर पोलादी तारा किंवा ग्रिट फिरवली तर कोटिंगसोबत गंजापासून वाचवणारा जस्तच निघून जातो. तिथे हीट गन, प्लास्टिकची पट्टी आणि सॉल्व्हंट, किंवा ड्राय आइस. एवढंच.

सांध्यांवरचं सीलर (फट बुजवणारा लवचिक लेप) आणि अंडरकोटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि काळ्या थराखाली त्या एकसारख्या दिसतात. सीलर लवचिक असेल, कडा चिकटलेल्या असतील तर ते ठेवा. तडे गेलेलं सीलर मात्र पूर्ण काढा. तड्यातून केशाकर्षणानं आत गेलेलं पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये वर्षानुवर्षं राहतं. पाणी निचऱ्याची भोकं कोटिंगनं बुजलेली असतात, ती एकेक शोधून तारेनं मोकळी करा. सिल आणि दारांत गोल प्लास्टिकची बुचं दिसली तर तिथे कधीतरी आतून गंजरोधक फवारलेलं आहे. त्या पोकळीत हीट गनची हवा गेली तर आतलं मेण वितळून भलतीकडून ठिबकतं, वेल्डिंग केलं तर पेटतं. आधी बुचं काढून आत बघा.

शेवटची पुसणी पांढऱ्या फडक्यानं करा. दोन फडकी: एक वॅक्स अँड ग्रीझ रिमूव्हरनं ओलं, दुसरं कोरडं, ओल्याच्या लगेच मागे. कोरड्यावर तपकिरी डाग येईनासा होईपर्यंत. डांबराचा अंश राहिला तर तो प्रायमरमधून वर झिरपतो आणि फिकट रंगावर पिवळसर-तपकिरी डाग उमटतात. वरून कितीही हात मारले तरी ते जात नाहीत. मग पत्र्यावर थोडं स्वच्छ पाणी सोडा. अखंड पातळ पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ, थेंब थेंब झाले तर अजून तेलकट आहे. पाणी लगेच गरम हवेनं वाळवा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. क्रम असा: एपॉक्सी, त्यावर सांध्यांना नवं सीलर, ते वाळल्यावर नवं कोटिंग, आणि सगळ्यात शेवटी पोकळ्यांत मेणाचा फवारा. निचऱ्याच्या भोकांत कोटिंग मारताना कागदाच्या गुंडाळ्या खोचून ठेवा आणि कोटिंग ओलं असतानाच त्या उपसून काढा.